न दिसणाऱ्या कृष्णविवरांची वस्तुमानं कशी काढतात, आणि त्या आकड्यांवर किती विसंबायचं

प्रश्न असा आला आहे: “ताई, मी इंदुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. २०१५ च्या पहिल्या गुरुत्वीय लहरीबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं की सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं १.३ अब्ज प्रकाशवर्षांवर एकमेकांत मिसळली. दुर्बिणीतून तर काहीच दिसलं नाही, मग हे आकडे आले कुठून? ३६ म्हणजे खरंच ३६ का? आणि यातलं काही मला इथे बसून करून पाहता येईल का?”

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण माझं सगळं काम त्याच प्रश्नाभोवती चालतं. ३६ हा आकडा थेट मोजलेला नाही. लहरीतून थेट जे हाती लागतं ते वेगळंच आहे आणि ३६ पेक्षा बरंच पक्कं आहे. ३६, २९, अंतर, परिवलन (स्वतःभोवती फिरणं) हे सगळे आकडे त्याच्यामागून येतात आणि प्रत्येकाची खात्री वेगवेगळी असते. बातमीत ते एका ओळीत शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे सगळे सारखेच भक्कम वाटतात. तसे ते नसतात.

नेमकं काय मिळालं ते पाहू. १४ सप्टेंबर २०१५ ला, आपल्या घड्याळाने दुपारी ३ वाजून २० मिनिटं ४५ सेकंदांनी, अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनच्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या डिटेक्टरमध्ये आणि जेमतेम ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डच्या डिटेक्टरमध्ये सारखीच थरथर उमटली. डिटेक्टरच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. त्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण चारशेव्या भागाएवढा. हातात आली ती वर-खाली होणारी एक रेघ, सुमारे ०.२ सेकंदाची, त्यात जेमतेम ८ आवर्तनं. वारंवारता ३५ हर्ट्झपासून चढत १५० हर्ट्झपर्यंत गेली, लहरीची उंचीही वाढत गेली आणि मग काही मिलिसेकंदांत सगळं विरून गेलं. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या रेघेतूनच निघालेलं आहे.

दोन जड वस्तू एकमेकींभोवती फिरतात तेव्हा गुरुत्वीय लहरींवाटे ऊर्जा बाहेर जाते. ऊर्जा गेली की कक्षा आकसते, कक्षा आकसली की फेरे जलद होतात आणि फेरे जलद झाले की ऊर्जा आणखी भराभर जाते. म्हणून वारंवारता नुसती चढत नाही, चढण्याचा वेगही वाढत जातो. हा चढ किती तीव्र असेल हे दोन्ही वस्तुमानांच्या एका ठरावीक मिश्रणावर अवलंबून असतं. दोघांच्या गुणाकाराचा ३/५ घात घ्यायचा आणि त्याला बेरजेच्या १/५ घाताने भागायचं. याला आम्ही चर्प मास म्हणतो. ३६ आणि २९ घालून बघ, २८ च्या आसपास येईल.

आता हे कागदावर करून पाहू. पृथ्वीवर पोहोचलेल्या लहरीसाठी चर्प मास सूर्याच्या ३० पट धर. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून निघणारं साधं सूत्र वापरलं तर लहर ३५ हर्ट्झवर असताना विलयाला साधारण १७० मिलिसेकंद उरलेले असतात. ५० हर्ट्झवर ६६ उरतात आणि १०० हर्ट्झवर फक्त १०. म्हणजे ३५ वरून ५० वर जायला शंभरेक मिलिसेकंद लागले, आणि ५० वरून दुप्पट व्हायला जवळपास त्याच्या निम्मेच. चर्प मास ३० ऐवजी १५ असता तर प्रत्येक टप्प्याला तिपटीहून जास्त वेळ लागला असता. रेघ डोळ्यांनी पाहिली तरी हा फरक लक्षात येतो. म्हणून चर्प मास हा या धंद्यातला सगळ्यात भरवशाचा आकडा. त्यासाठी लहरीची उंची लागत नाही, आकाशातली दिशा लागत नाही, फक्त शिखरं कधी कधी आली एवढंच लागतं.

आवर्तनं जितकी जास्त, तितकं हे माप पक्कं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे) मिसळले, त्यांची लहर सुमारे १०० सेकंद आणि ३,००० आवर्तनं ऐकू आली. तिथे चर्प मास सूर्याच्या १.१८८ पट असा निघाला, चूक तिसऱ्या दशांश स्थळात. पण त्याच जोडीतल्या एकेका ताऱ्याचं वस्तुमान विचारलंस तर उत्तर पसरट होतं. तारे फार जोरात गरगरत नाहीत असं गृहीत धरलं तर मोठा तारा १.३६ ते १.६० च्या मध्ये येतो. परिवलन जास्त असू शकतं अशी मोकळीक दिली तर तोच तारा १.३६ ते २.२६ मध्ये कुठेही बसतो. डेटा तोच, लहर तीच. बदललं ते फक्त आधीचं गृहीतक.

असं का होतं? दोन वस्तुमानांतलं गुणोत्तर लहरीत दुय्यम बारकाव्यांत दडलेलं असतं आणि परिवलनाचा परिणामही त्याच बारकाव्यांत उमटतो. कृष्णविवरं कक्षेच्या दिशेनेच स्वतःभोवती फिरत असतील तर विलय थोडा लांबतो, उलट फिरत असतील तर लवकर होतो. गुणोत्तर बदललं तरीही शेवटच्या आवर्तनांची गत अशीच बदलते. दोघांपैकी कोणी काय केलं हे वेगळं काढायला लहर पुरेशी लांब आणि स्पष्ट हवी. २०१५ च्या लहरीत ती सोय नव्हती, म्हणून पहिल्या निबंधात ३६ च्या वर ५ आणि खाली ४ अशी मोकळी जागा ठेवली होती, आणि २९ च्या दोन्ही बाजूंना ४. पुढे तोच डेटा सुधारित पद्धतींनी तपासला तेव्हा ३५.६ आणि ३०.६ आले. “आकडे बदलले” असं कोणी म्हणालं तर सांग, बदलले ते आधी दिलेल्या पट्ट्याच्या आतच.

तरीही ही कृष्णविवरंच होती हे इतक्या ठामपणे कसं म्हणता येतं? इथे मला हा युक्तिवाद फार आवडतो. लहर १५० हर्ट्झवर असताना फेरे सेकंदाला ७५ होतात, कारण एका फेऱ्यात लहरीची दोन आवर्तनं येतात. एवढ्या वस्तुमानाच्या वस्तू इतक्या वेगाने फिरायच्या तर त्यांच्यात अंतर सुमारे ३५० किलोमीटरच उरतं. तेवढ्या जागेत सूर्याच्या ६५-७० पट वस्तुमान मावलेलं आहे आणि तरीही दोघं अजून एकमेकांना भिडलेली नाहीत. कुठलाही साधा तारा तिथे मावत नाही. एक न्यूट्रॉन तारा आणि एक कृष्णविवर असं म्हणावं, तर न्यूट्रॉन तारा सूर्याच्या दुप्पट धरला तरी चर्प मास ३० येण्यासाठी जोडीदार सूर्याच्या सतराशे पटींच्या घरात लागतो. इतक्या थोराड कृष्णविवराभोवतीची लहर १५० हर्ट्झ गाठण्याआधीच संपली असती. म्हणजे पर्याय उरतो तो दोन कृष्णविवरांचाच.

आणखी एक गोष्ट, जी बातम्यांत सहसा येत नाही. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे लहर इथवर येईपर्यंत ताणली जाते आणि तिची वारंवारता उतरते. उतरलेल्या वारंवारतेची लहर आणि जास्त वस्तुमानाची लहर दिसायला हुबेहूब सारखी. म्हणून डिटेक्टरला जे वस्तुमान दिसतं ते खऱ्या वस्तुमानापेक्षा जास्त असतं. या घटनेची ताम्रसृती, म्हणजे लहर किती ताणली गेली याचं माप, सुमारे ०.०९, म्हणून दिसलेल्या आकड्यांना १.०९ ने भागलं तेव्हा ३६ आणि २९ आले. मग ताम्रसृती कुठून आणली? अंतरावरून. आणि अंतर हा या सगळ्या मालिकेतला कच्चा दुवा.

अंतर लहरीच्या उंचीवरून काढतात. चर्प मास कळला की उगमापाशी लहर किती जोरकस असेल हे सिद्धान्त सांगतो, इथे ती किती उरली ते डिटेक्टर सांगतो. म्हटलं तर सोपं. पण कक्षा आपल्याकडे कशी कललेली आहे यावरही उंची अवलंबून असते. कक्षा समोरून दिसत असेल तर लहर जोरात येते, कडेवरून दिसत असेल तर क्षीण. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात मिलच्या झांक्या, म्हणजे गणपतीचे चित्ररथ, येतात तेव्हा जेल रोडच्या गर्दीत डोळे मिटून उभा राहा. भोंगा लांब आहे पण तोंड तुझ्याकडे आहे, की जवळ आहे पण आडवा फिरवलेला आहे, हे नुसत्या आवाजाच्या मोठेपणावरून सांगता येत नाही. अंतर आणि कल यांची अशीच सरमिसळ होते. म्हणून १.३ अब्ज प्रकाशवर्षं या आकड्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ४० टक्क्यांची ढिलाई आहे. व्याख्यानात कोणी हा आकडा तावातावाने सांगितला की मी ४० टक्क्यांची आठवण करून देते.

सरमिसळ सुटते कधी? जोडी फार विषम असेल तेव्हा. १२ एप्रिल २०१९ च्या घटनेत एक कृष्णविवर सूर्याच्या साधारण ३० पट आणि दुसरं ८ पट होतं. अशा विषम जोडीतून मुख्य सुराबरोबर त्याच्या दीडपट वारंवारतेचा आणखी एक सूर निघतो, आणि कलानुसार त्या दोघांचं प्रमाण बदलतं. तो सूर डेटात सापडला म्हणून कल आणि अंतर दोन्ही चांगले बांधता आले.

विलयानंतर उरलेल्या कृष्णविवराचं वस्तुमान ६२. ३६ आणि २९ ची बेरीज ६५, म्हणजे ३ सूर्यांइतकं वस्तुमान ऊर्जेच्या रूपात बाहेर पडलं. हे ६२ मुख्यतः आकडेमोडीतून येतं. आइन्स्टाइनची समीकरणं संगणकावर सोडवून दोन कृष्णविवरांचा विलय शेवटपर्यंत नेणं २००५ साली पहिल्यांदा जमलं, त्यानंतरच ही जोडणी शक्य झाली. मग पडताळा कसा घ्यायचा? नवं कृष्णविवर जन्मल्यावर क्षणभर थरथरतं आणि निवतं. त्या थरथरीची वारंवारता आणि निवण्याचा वेग फक्त त्याच्या वस्तुमानावर आणि परिवलनावर ठरतो. कृष्णविवर असं थरथरून निवतं हे आपले भारतीय शास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये दाखवलं, तेव्हा कृष्णविवर हा शब्दही नवाच होता. २०१५ च्या लहरीत ही थरथर २५० हर्ट्झच्या जवळ आणि ४ मिलिसेकंदांत विरणारी अशी अपेक्षित होती, आणि डेटा त्याच्याशी जुळला. नीट परीक्षा मात्र १४ जानेवारी २०२५ ला झाली. जवळपास तशीच जोडी, पण डिटेक्टर इतके सुधारले होते की संकेत तिपटीहून स्पष्ट. आधीच्या दोन कृष्णविवरांचं पृष्ठफळ मिळून सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर, नंतरच्या एकाचं सुमारे ४,००,०००. एकूण पृष्ठफळ कधीच घटत नाही असं हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं, ते थेट आकड्यांत उतरलेलं पाहताना आम्ही सगळेच हरखून गेलो.

प्रत्यक्षात हे काम कसं चालतं ते सांगते. एका विलयाचं पूर्ण वर्णन करायला १५ संख्या लागतात. दोन वस्तुमानं, दोन्ही परिवलनांचे मिळून सहा घटक, आकाशातल्या जागेच्या दोन, आणि अंतर, कल, वेळ वगैरे उरलेल्या. या १५ संख्यांचा एक संच घ्यायचा, त्याची सैद्धान्तिक लहर तयार करायची आणि डेटातून वजा करायची. उरलेला भाग निव्वळ डिटेक्टरच्या गोंगाटासारखा दिसला तर संच चांगला. लहरीचा काही अंश मागे राहिलेला दिसला तर संच वाईट. हे लाखो वेळा करायचं, बेझच्या प्रमेयाने (आधीचा अंदाज आणि डेटा जोडून शक्यता काढायचा नियम) प्रत्येक संचाला वजन द्यायचं, आणि शेवटी हातात येतो तो शक्यतांचा एक ढग. ३६ हा त्या ढगाचा मध्य, अधिक ५ उणे ४ ही त्यातल्या ९० टक्के भागाची रुंदी. मला कोणी नुसता मध्य पाठवला तर मी तो वापरत नाही, पूर्ण ढग मागते. चर्प मासच्या बाजूने तो चिंचोळा असतो, गुणोत्तराच्या बाजूने लांबट, अंतर आणि कलाच्या पानावर केळ्यासारखा वाकलेला. माहिती त्या आकारात असते.

या सैद्धान्तिक लहरींच्या गणितात भारतीयांचा वाटा मोठा आहे. बाला अय्यर यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर आवर्तनांच्या गतीचं गणित बारकाव्याच्या एकेका पायरीने पुढे नेलं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच, म्हणजे पहिली लहर सापडण्याच्या चोवीस वर्षं आधी, अशा लहरी गोंगाटातून कशा हुडकायच्या याची पद्धत बसवायला घेतली होती.

आता एक सावधगिरी, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वजन देताना आधीचं गृहीतक लागतंच. लहर लांब असेल तर डेटाच बोलतो, गृहीतक मागे पडतं. लहर तोकडी असेल तर गृहीतक पुढे येतं. २१ मे २०१९ ची घटना जेमतेम ०.१ सेकंदाची, चारेक आवर्तनांची. अधिकृत विश्लेषणात ८५ आणि ६६ सूर्यांची जोडी आली, विलयानंतर १४२. खळबळ यासाठी की ताऱ्याच्या मरणातून साधारण ६५ ते १२० सूर्यांच्या पट्ट्यातलं कृष्णविवर उरत नाही, तेवढे जड तारे पुरते फुटून विखुरतात, असं ताऱ्यांचं शास्त्र सांगतं. पण तोच डेटा वेगळ्या गृहीतकाने तपासणाऱ्यांना खूप विषम जोडीही चालून गेली, एक पट्ट्याच्या वर आणि एक खाली. दोन्ही गटांचं गणित बरोबर होतं. चार आवर्तनांत याहून जास्त माहिती मावतच नाही.

दुसरी अडचण गोंगाटाची. डिटेक्टरमध्ये मधूनच खाडकन आवाज यावा तसे झटके येतात. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या त्या लहरीवर विलयाच्या सेकंदभर आधी लिव्हिंग्स्टनमध्ये असाच मोठा झटका बसला होता, तो वेगळा काढून मगच मोजमाप झालं. २९ जानेवारी २०२० च्या घटनेत कक्षा डोलत असल्याची चिन्हं दिसली, पण तिथेही एका झटक्याची सावली पडलेली, आणि झटका कसा वजा केला यावर निष्कर्ष हलतो. असल्या ठिकाणी घाईने ठाम बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आकाशातली जागा दोन डिटेक्टरांवर नीट कळत नाही. २०१५ ची घटना सुरुवातीला सुमारे ६०० चौरस अंशांत कुठेतरी एवढंच सांगता आलं. १४ ऑगस्ट २०१७ ला इटलीतला व्हर्गो तिसरा म्हणून जोडीला आला आणि १,१६० चौरस अंशांचं क्षेत्र ६० वर आलं. दूरवर, वेगळ्या कोनात बसवलेला आणखी एक डिटेक्टर म्हणूनच मोलाचा. लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभा राहतोय, एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याला २,६०० कोटींची मंजुरी दिली. त्यातल्या प्रमुख संस्थांपैकी एक आपल्या इंदूरचं राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, बाकी पुण्याचं आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम खातं. जुन्या छोट्या लाइनने खंडवा-अकोल्यावरून पूर्णेला गेलेले घरातले वडीलधारे असतील तर त्यांना विचार, हिंगोली स्टेशन त्याच मार्गावर लागायचं.

शेवटी तुझा तिसरा प्रश्न. होय, इथे बसून करता येतं, आणि मी म्हणेन की करच. लायगोचा डेटा सगळ्यांसाठी मोफत खुला आहे. १४ सप्टेंबर २०१५ ची ३२ सेकंदांची फाइल उतरवून घे, पायथन चालेल असा कुठलाही लॅपटॉप पुरतो. आधी डेटाचं व्हाइटनिंग कर, म्हणजे ज्या वारंवारतांवर डिटेक्टर जास्त गोंगाट करतो त्या दाबल्या जातील, मग ३५ ते ३५० हर्ट्झचा भाग ठेव. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तिची आणि तिच्या पटीतली ठळक रेघ दिसेल, तीही काढून टाक. हॅनफर्डची रेघ ७ मिलिसेकंद मागे सरकवून उलटी केलीस की लिव्हिंग्स्टनवर बसेल. हे पहिल्यांदा स्क्रीनवर जुळताना पाहायला मिळतं ना, त्यासाठी एक संध्याकाळ जरूर दे.

मग रेघ शून्याला कुठे कुठे छेदते त्या वेळा वहीत उतरव. लागोपाठच्या दोन छेदांतलं अंतर म्हणजे अर्धं आवर्तन. १० मिलिसेकंद आले तर वारंवारता ५० हर्ट्झ, ५ आले तर १००. प्रत्येक वारंवारतेचा उणे ८/३ घात काढ आणि वेळेसमोर मांड. बिंदू एका सरळ रेषेत उतरत जातील आणि रेषेच्या उतारातून चर्प मास मिळेल. ३० च्या आसपास आला तर बरोबर आहे, २८ ची अपेक्षा धरू नकोस, कारण तुझ्यासमोर आहे ती ताणलेली लहर. १.०९ ने तू स्वतः भागायचं आहेस. शेवटचे दोन-तीन बिंदू रेषेवरून सुटतील. ते चुकले म्हणून खोडू नकोस, तिथे दोन्ही कृष्णविवरं इतकी जवळ आलेली असतात की हे साधं सूत्र लागू पडत नाही. फक्त रेषा बसवताना ते बाजूला ठेव, आणि पहिल्या एक-दोन छेदांवरही फार भरवसा ठेवू नकोस, तिथे लहर गोंगाटाच्या पातळीला असते. उरलेल्या बिंदूंतले एकेक वगळून उतार पुन्हा पुन्हा काढ आणि चर्प मास किती हलतो ते लिहून ठेव. तो हलण्याचा पट्टा उत्तरासोबत पाठव, मग पुढे गुणोत्तराकडे वळू.